दहा सेंटिमीटरने फुगलेली पृथ्वी : जीएनएसएस अँटेनाच्या फेज सेंटरचे एक प्रकरण

१९९५ साली भूगणितज्ञ मार्कुस रोथाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या जीपीएस केंद्रांचे गणित एक बदल करून पुन्हा मांडले. बदल साधा होता. रिसीव्हरच्या अँटेनांसाठी तोवर वापरात असलेल्या दुरुस्त्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेल्या दुरुस्त्या घातल्या. उत्तर निघाले ते चक्रावणारे होते. सगळीच्या सगळी केंद्रे एकदम वर उचलली गेली होती आणि पृथ्वी अब्जात सुमारे १५ भागांनी मोठी झाली होती. ६३७१ किलोमीटरच्या त्रिज्येवर याचा अर्थ होतो जवळजवळ १० सेंटिमीटर.

पृथ्वी फुगलेली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होते. दूरच्या क्वेसारकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवर चालणारी व्हीएलबीआय आणि उपग्रहांवर लेझर मारून अंतर मोजणारी एसएलआर, ही दोन्ही तंत्रे पृथ्वीचे माप स्वतंत्रपणे सांगत होती आणि जुन्या दुरुस्त्यांनी आलेले जीपीएसचे उत्तर त्यांच्याशी बऱ्यापैकी जुळत होते. म्हणजे आकडा जास्त खरा घातला, तर उत्तर जास्त खोटे येत होते. हा गुंता सोडवून नव्या दुरुस्त्या रोजच्या वापरात यायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला. जीएनएसएस, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या प्रणालींच्या, अँटेनाच्या फेज सेंटरबद्दल शिकण्यासारखे जे काही आहे ते जवळपास सगळे या एका प्रकरणात सापडते, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

टेप लागतो तिथे आणि सिग्नल पोचतो तिथे

तिवई लावली, अँटेना बसवली, की आपण जमिनीवरच्या खुणेपासून अँटेनाच्या बुडापर्यंतची उंची मोजतो. ५/८ इंची आट्यांचा दांडा जिथे आत जातो, त्या सपाटीच्या मध्यबिंदूला एआरपी म्हणतात, अँटेना रेफरन्स पॉइंट. तिथे बोट ठेवता येते, टेप लावता येतो. रिसीव्हर मात्र त्या बिंदूपर्यंतचे अंतर मोजत नाही. तो मोजतो ते अँटेनाच्या आत, किंवा पुष्कळदा आतल्या कुठल्याच वस्तूशी न जुळणाऱ्या, एका काल्पनिक बिंदूपर्यंतचे. उपग्रहाची लाट जणू तिथे येऊन पोचली, असे फेजच्या, म्हणजे लाट आपल्या चक्रात कुठे आहे याच्या, मोजमापावरून वाटते. त्याला फेज सेंटर म्हणायचे.

अडचण अशी की हा बिंदू एक नाही. जीपीएसचे उपग्रह एल१ आणि एल२ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल पाठवतात. एल१ ची तरंगलांबी १९ सेंटिमीटर, एल२ ची २४.४. अँटेना दोन्ही लाटांना वेगवेगळी वागणूक देते, म्हणून दोघींची फेज सेंटर वेगळी. आणि एकाच फ्रिक्वेन्सीसाठीसुद्धा डोक्यावरून आलेली लाट एका जागी पोचल्यासारखी वाटते आणि क्षितिजाकडून तिरकी आलेली दुसऱ्या जागी. तिथून दिशा बदलली, पूर्वेऐवजी पश्चिम झाली, की आणखी थोडा फरक.

एवढे सगळे एका तक्त्यात बसवायचे तर त्याचे दोन तुकडे करतात. एआरपीपासून फेज सेंटरच्या सरासरी जागेपर्यंतचे अंतर उत्तर, पूर्व आणि वर अशा तीन आकड्यांत देतात. हा पीसीओ, फेज सेंटर ऑफसेट. मग त्या सरासरी जागेच्या तुलनेत दर दिशेला किती मिलिमीटर पुढे-मागे, याची जाळी देतात. हे पीसीव्ही, फेज सेंटर व्हेरिएशन. सरासरी कशी काढायची, किती अंशांपर्यंतचे उपग्रह धरायचे, हे ठरवणाऱ्याच्या हातात असते, म्हणून एकाच अँटेनाचे पीसीओ दोन ठिकाणी वेगवेगळे दिसू शकतात आणि तरी दोन्ही बरोबर असू शकतात. बरोबर असते ती बेरीज. एका तक्त्यातला ऑफसेट आणि दुसऱ्या तक्त्यातले व्हेरिएशन उचलून कोणी एकत्र वापरले, तर दोन अस्सल तक्त्यांतून एक नकली दुरुस्ती तयार होते. ही चूक वाटते त्यापेक्षा सहज होते, कारण पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअर अँटेनाच्या उंचीच्या रकान्यात ‘फेज सेंटरपर्यंत’ असा पर्याय देते, कोणीतरी माहितीपत्रकातला ऑफसेट तिथे टाइप करते, आणि मागून प्रोग्रॅम आपल्या फाइलीतला तोच ऑफसेट पुन्हा लावतो.

शून्य मानलेली अँटेना

१९९० च्या दशकात फेज सेंटर मोजायची रुळलेली पद्धत सापेक्ष होती. अमेरिकेच्या नॅशनल जिओडेटिक सर्व्हेत गेराल्ड मेडर यांनी ती व्हर्जिनियातल्या कॉर्बिन इथे पद्धतशीर चालवली. दोन खांब, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. एकावर संदर्भ अँटेना, दुसऱ्यावर तपासायची अँटेना. खांबांमधले खरे अंतर आधीच ठाऊक, तेव्हा जीपीएसने काढलेल्या अंतरात जो फरक येईल तो दोन अँटेनांच्या स्वभावातला फरक.

संदर्भ म्हणून घेतली होती एओएडी/एम_टी. सिग्नल पकडणारा डॉर्न मार्गोलिन जातीचा घटक मधोमध आणि त्याभोवती एकात एक बसवलेली धातूची कडी, म्हणजे चोक रिंग. जमिनीवरून उसळून येणारे सिग्नल ही कडी अडवतात. त्या काळातल्या जागतिक केंद्रांवर हीच अँटेना किंवा हिची भावंडे बहुसंख्य होती, आणि ती निवडली यात चूक काहीच नव्हती. पण सापेक्ष पद्धतीत कुणाला तरी शून्य मानावे लागते. म्हणून हिचा ऑफसेट एल१ साठी ११० मिलिमीटर आणि एल२ साठी १२८ मिलिमीटर वर असा ठरवून टाकला आणि व्हेरिएशन सर्व दिशांना शून्य. ३० जून १९९६ पासून इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिसने (आयजीएस), त्या वेळच्या नावाने इंटरनॅशनल जीपीएस सर्व्हिसने, हाच तक्ता सगळ्या केंद्रांना लागू केला.

जवळच्या जवळ मोजणी असेल तर यात काही बिघडत नाही. दोन्ही टोकांना एकाच जातीची अँटेना, दोन्हींचे तोंड उत्तरेला, अंतर दोन-चार किलोमीटर : उपग्रह दोन्हींना एकाच कोनातून दिसतो, दोन्हींची चूक सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. बंगळुरूची अँटेना आणि जर्मनीतल्या पोट्सडॅमची अँटेना घेतली की पृथ्वीची गोलाई आड येते. तोच उपग्रह एकीला माथ्यावर दिसतो, दुसरीला क्षितिजाशी. आता समान अँटेनांची चूकही समान राहत नाही आणि वजा होत नाही. ‘शून्य’ मानलेले खरोखर शून्य आहे का, हा प्रश्न जागतिक जाळ्यातच उभा राहतो. आणि नेमका तिथेच त्याचा परिणाम पृथ्वीच्या आकारात, म्हणजे स्केलमध्ये, जाऊन बसतो.

एक छोटे गणित

बंद कक्षात, भिंतींवरून काहीही परावर्तित होणार नाही अशा खोलीत, ब्रूस शुप्लर आणि सहकाऱ्यांनी याच अँटेनाचे निरपेक्ष मोजमाप केले होते. आज मान्य असलेले आकडे घेतले तर एओएडी/एम_टी चे फेज सेंटर एल१ साठी सुमारे ९१ मिलिमीटर आणि एल२ साठी सुमारे १२० मिलिमीटर वर आहे. जुन्या तक्त्यातल्या ११० आणि १२८ च्या शेजारी हे आकडे ठेवा. फरक १९ आणि ८ मिलिमीटर. यातून १० सेंटिमीटर कसे निघतील?

जागतिक गणितात एल१ आणि एल२ सुटे वापरत नाहीत. आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम घालवण्यासाठी त्यांचे मिश्रण करतात : एल१ चे २.५४६ पट घ्यायचे आणि त्यातून एल२ चे १.५४६ पट वजा करायचे. तेच ऑफसेटना लावून पाहा. जुना तक्ता : ११० गुणिले २.५४६ म्हणजे २८०, वजा १२८ गुणिले १.५४६ म्हणजे १९८, उरले ८२ मिलिमीटर. नवा तक्ता : २३२ वजा १८६, उरले ४६ मिलिमीटर. फरक ३६ मिलिमीटर. नव्या आकड्यांनी फेज सेंटर एवढे खाली आले, म्हणजे एआरपी आणि तिच्याखालची खूण तेवढी वर गेली.

उरलेली उचल व्हेरिएशनमधून येते, आणि ती कशी येते हे समजून घेतले पाहिजे. रिसीव्हरच्या घड्याळाची चूक सगळ्या उपग्रहांच्या अंतरात सारखीच मिसळते. उंचीतली चूक माथ्यावरच्या उपग्रहात पूर्ण दिसते आणि क्षितिजाकडे कमी होत जाते. हवेमुळे होणारा उशीर उलटा, माथ्यावर कमी आणि क्षितिजाकडे झपाट्याने वाढणारा. क्षितिजाखालचे उपग्रह तर दिसतच नाहीत. अर्ध्याच आकाशातून या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढायच्या असतात आणि तिघींचे चेहरे एकमेकींसारखे आहेत. अशा वेळी माथा ते क्षितिज यांच्यात फेजमध्ये एखाद्या सेंटिमीटरचा वळसा राहिला, तर गणित त्यातला काही भाग हवेत टाकते, काही घड्याळात, आणि उंचीत कित्येक पटींनी मोठी चूक उतरते. मिश्रणाने एकदा वाढलेली चूक हवेच्या अंदाजाने दुसऱ्यांदा वाढते. शून्य मानलेल्या व्हेरिएशनचा खरा वळसा असा दहा सेंटिमीटरांपर्यंत पोचत होता.

दुसरे टोक, २० हजार किलोमीटर वर

मग जुने उत्तर पृथ्वीच्या खऱ्या मापाशी जुळत का होते? या प्रश्नाशी मी पहिल्यांदा अडखळलो तेव्हा वाटले, योगायोग असेल. योगायोग नव्हता. प्रत्येक मोजमापाला दोन अँटेना असतात, एक जमिनीवर आणि एक उपग्रहावर, आणि दुसरीकडे कोणी नीट पाहिले नव्हते.

कक्षेचे गणित उपग्रहाच्या वस्तुमानकेंद्राचे असते. सिग्नल निघतो तो पृथ्वीकडे तोंड केलेल्या अँटेनाच्या फेज सेंटरमधून. दोघांतले अंतर ठाऊक हवे. जीपीएसच्या ब्लॉक टू आणि टू-ए जातीच्या उपग्रहांसाठी पृथ्वीच्या दिशेने १.०२३ मीटर धरत, ब्लॉक टू-आर साठी चक्क शून्य. उपग्रहाच्या अँटेनाचे व्हेरिएशन सगळ्यांसाठी शून्य.

समजा या ऑफसेटमध्ये १ मीटरची चूक आहे. पृथ्वीवरच्या कुठल्याही ठिकाणाहून पाहिले तरी उपग्रहाच्या अधोदिशेपासून आपण जास्तीत जास्त १४ अंशांवर असतो, इतका तो दूर आहे. बरोबर खाली असलेल्या केंद्राला ही १ मीटर चूक पूर्ण दिसते. १४ अंशांवरच्या केंद्राला, जिथे तो उपग्रह क्षितिजावर आहे, १ मीटर गुणिले कोसाइन १४ म्हणजे ९७ सेंटिमीटर दिसते. त्यातले ९७ सेंटिमीटर तर सगळ्यांना सारखेच, ते उपग्रहाच्या घड्याळाच्या चुकीत गुपचूप मिसळून जातात. उरतात जेमतेम ३ सेंटिमीटर. पण हे तीन सेंटिमीटर माथा ते क्षितिज असे बदलणारे आहेत, अगदी रिसीव्हरच्या अँटेनाच्या व्हेरिएशनसारखे. आणि तेही तसेच वाढतात : पोट्सडॅमच्या झू यांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की उपग्रहाच्या ऑफसेटमधल्या १ मीटरमुळे जागतिक स्केल अब्जात सुमारे ७.८ भागांनी सरकते, म्हणजे जमिनीवर ५ सेंटिमीटर. दिशा उलटी. उपग्रहाचा ऑफसेट वाढवा, पृथ्वी लहान होते.

इथे गाठ सुटली. जमिनीवरच्या अँटेनाची चूक पृथ्वीला लहान दाखवत होती, उपग्रहावरच्या अँटेनाची चूक तिला मोठी दाखवत होती, आणि दोघी मिळून बेरीज बरोबर आणत होत्या. १९९५ मध्ये एकीला बाजूला केले आणि दुसरी उघडी पडली. नवी दुरुस्ती चुकीची नव्हती, एकटी होती. आणि त्या दोघी इतक्या बेमालूम मिसळल्या होत्या, कारण उपग्रहाकडचे ० ते १४ अंश म्हणजेच जमिनीवरचे माथा ते क्षितिज. एका टोकाचा आकार दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा उमटतो. जमिनीवरून नुसते सिग्नल पाहून चूक कोणत्या टोकाची, हे सांगताच येत नाही.

ज्यांनी १९९५ नंतर जुनाच तक्ता चालू ठेवला, त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. अर्धी दुरुस्ती लावून जगाच्या नकाशाला दहा सेंटिमीटरचा धक्का देण्यापेक्षा पूर्ण दुरुस्ती हाती येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते. पण थांबण्याची किंमत होती. टू-ए जातीचे जुने उपग्रह निवृत्त होऊन त्यांच्या जागी टू-आर येत होते, आणि दोघांच्या ऑफसेटमधल्या चुका वेगवेगळ्या होत्या. आकाशातली सरासरी चूक बदलत गेली तशी पृथ्वीच्या मापातली चूकही वर्षागणिक हळूहळू सरकत राहिली. समुद्राची पातळी वर्षाला ३-४ मिलिमीटर वाढते आहे की नाही, किनारा खचतो आहे की उचलला जातो आहे, हे ज्या जाळ्यावरून ठरवायचे त्याच्याच पायाला ही घसरण लागलेली.

यंत्रमानव आणि ५ नोव्हेंबर २००६

बंद कक्षातले मोजमापच चुकले असेल, ही शंका बरीच वर्षे उभी होती. ती मिटवली जर्मनीतल्या हनोव्हरने. तिथल्या विद्यापीठात गुंटर झेबर यांच्या गटाने आणि जिओ++ या कंपनीत गेर्हार्ड व्युबेना यांनी उघड्या आकाशाखाली, खऱ्या उपग्रहांवर चालणारी निरपेक्ष पद्धत उभी केली. अँटेना एका यंत्रमानवाच्या हातात. तो तिला हजारो स्थितींत झुकवतो आणि फिरवतो. अँटेना झुकली की तोच उपग्रह तिला वेगळ्याच कोनातून दिसतो, त्यामुळे दर दिशेचा स्वभाव थेट मोजता येतो, कुणाला शून्य मानावे लागत नाही, आणि क्षितिजाजवळचे कोन, जे स्थिर खांबावर कधीच नीट मिळत नसत, तेही भरून येतात. परावर्तित सिग्नलचा गोंधळ या हालचालींत विस्कटून निघून जातो. यंत्रमानवाचे आकडे आणि बंद कक्षाचे आकडे मिलिमीटरच्या पातळीवर जुळले. दोन पूर्ण वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचल्या, तेव्हा जमिनीवरच्या टोकाबद्दल शंका उरली नाही.

उपग्रहांना यंत्रमानवाच्या हातात देता येत नव्हते. म्हणून उलट वाट धरली : जमिनीवरचे टोक आता खरे आहे, पृथ्वीचे माप व्हीएलबीआय आणि एसएलआर सांगतात ते खरे धरू, आणि उरते ती उपग्रहाची चूक असे समजून तिचा आकडा काढू. म्युनिकच्या राल्फ श्मिड आणि रोथाखर यांनी आणि पोट्सडॅमच्या गटाने वर्षानुवर्षांच्या नोंदी पुन्हा गणितातून काढल्या. टू-ए साठी १.०२३ मीटरच्या जागी दोन मीटरांहून अधिक ऑफसेट निघाला. शून्य धरलेल्या टू-आर चे ऑफसेट अर्ध्या मीटरापासून दीड मीटरापर्यंत. प्रत्येक उपग्रहाचा आकडा वेगळा.

५ नोव्हेंबर २००६ रोजी, जीपीएस आठवडा १४०० सुरू होताना, जगाने दोन्ही टोकांचे तक्ते एकत्र बदलले. फाइलीचे नाव आयजीएस०५. त्याच दिवशी संदर्भ चौकटही, म्हणजे केंद्रांचे निर्देशांक ज्या पायावर देतात तीही, बदलली, कारण तोवरची निर्देशांकांची यादी जुन्या अँटेना-तक्त्यावर काढलेली होती. म्हणून प्रत्येक केंद्राच्या निर्देशांकाला जुन्या आणि नव्या दुरुस्तीतला फरक जोडून नवी यादी केली. तीन गोष्टी एका वेळी : जमिनीचा तक्ता, आकाशाचा तक्ता, निर्देशांक. यांतली एक जरी मागे राहिली असती तर पुन्हा १९९५ झाले असते.

फाइल उघडून पाहू

हे सगळे आज ज्या साध्या मजकुराच्या फाइलीत राहते तिला अँटेक्स म्हणतात. रोथाखर आणि श्मिड यांनीच तिची मांडणी ठरवली. कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. मी शिकवताना ती पडद्यावर उघडूनच सुरुवात करतो, कारण वरचा अख्खा इतिहास तिच्या ओळींत बसलेला आहे.

सर्वांत वरच्या भागात एक अक्षर असते, ए किंवा आर. ए म्हणजे निरपेक्ष, आर म्हणजे सापेक्ष, आणि आर असेल तर शेजारी संदर्भ अँटेनाचे नाव. हे एक अक्षर न पाहता फाइल वापरू नये.

मग दर अँटेनाचा एक खंड. पहिल्या २० जागांत नाव, त्यातल्या शेवटच्या ४ जागा रेडोमच्या, म्हणजे वरच्या टोपणाच्या. टोपण नसेल तर तिथे ‘नन’ लिहिलेले असते. टोपण प्लास्टिकचे असते, पाऊस आणि पक्षी अडवते, दिसायला निरुपद्रवी. पण लाट त्यातून जाताना वाकते, आणि शंकूच्या आकाराच्या काही टोपणांनी उंचीत सेंटिमीटरच्या घरात फरक पडतो. म्हणून टोपण घातलेली अँटेना आणि न घातलेली अँटेना या फाइलीच्या लेखी दोन वेगळ्या अँटेना आहेत. पावसाळ्याआधी कोणी केंद्रावर टोपण चढवले आणि नोंदीत ‘नन’ तसेच राहिले, तर त्या तारखेला जमीन हलल्यासारखी दिसते.

त्याखालची ओळ मोजमाप कसे झाले ते सांगते : रोबोट, चेंबर, फील्ड, कॉपीड, कन्व्हर्टेड. शेवटच्या दोन शब्दांवर थांबा. कन्व्हर्टेड म्हणजे ही अँटेना निरपेक्ष पद्धतीने कोणी मोजलेली नाही. जुन्या सापेक्ष आकड्यात एओएडी/एम_टी चा निरपेक्ष आकडा मिळवून हा तयार केला आहे. त्यात दिशेनुसार बदल नसतो, आणि जुन्या पद्धतीत १० अंशांखाली काही मिळत नसल्याने क्षितिजाजवळचे आकडे पुढे ताणलेले असतात. कॉपीड म्हणजे तर दुसऱ्याच जुळ्या अँटेनाचे आकडे. कामचलाऊ दोन्ही आहेत, पण मिलिमीटरचा दावा त्यांच्यावर करू नये.

मग दर फ्रिक्वेन्सीला उत्तर, पूर्व, वर हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये, आणि खाली माथ्यापासून क्षितिजापर्यंत ५-५ अंशांनी व्हेरिएशन. उत्तर-पूर्वेचे आकडे बहुधा एखाद्या मिलिमीटरचे. पण ते अँटेनाच्या स्वतःच्या उत्तरेला धरून आहेत. अँटेनावर बाण किंवा खूण असते, नसेल तर केबलच्या जोडणीची जागा धरतात. अँटेना दक्षिणेकडे तोंड करून बसवली तर एका मिलिमीटरचे दोन होतात.

आपल्याकडे

महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाचे कॉर्सचे, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांचे, जाळे उभे राहिले आणि भूमी अभिलेखचे भूकरमापक रोव्हर, म्हणजे हातात घेऊन फिरायचा रिसीव्हर, घेऊन बांधावर उभे राहू लागले, तेव्हापासून हा विषय आपल्या शेतापर्यंत आला आहे. खरे बोलायचे तर गट नंबरची हद्द दाखवायला फेज सेंटरच्या मिलिमीटरांनी काही बिघडत नाही. आडव्या दिशेचे ऑफसेट बांधाच्या जाडीपुढे काहीच नाहीत. उंचीचे तसे नाही. पाच हजारात एक असा उतार असलेल्या कालव्यात १०० मीटरला २ सेंटिमीटरची उतरण असते. कॉर्सकडून आलेली दुरुस्ती निरपेक्ष तक्त्याची आणि रोव्हरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजून सापेक्ष तक्ता, असे झाले तर नुसत्या एल१ च्या ऑफसेटमध्ये ११० आणि ९१ चा फरक, म्हणजे १९ मिलिमीटर. शंभर मीटरची अख्खी उतरण एका तक्त्यात गेली.

जाळ्याचे सर्व्हर बहुतेकदा आपली अँटेना ‘नल’ म्हणून कळवतात. फेज सेंटर एआरपीवरच आहे, व्हेरिएशन शून्य आहे, असे समजून निरीक्षणे आधीच दुरुस्त केलेली असतात, म्हणजे रोव्हरने फक्त आपली दुरुस्ती लावायची. सोय चांगली आहे. पण इथे शून्य म्हणजे निरपेक्ष शून्य, एओएडी/एम_टी ला दिलेले ते जुने मानीव शून्य नव्हे. शब्द एकच, अर्थ दोन. काम सुरू करण्याआधी रोव्हरच्या मॅन्युअलमध्ये, नाहीतर विक्रेत्याकडे, एवढे विचारून घ्यावे की आत कोणता तक्ता आहे, ए की आर.

प्रकरण अजून उघडे

२००६ च्या उपायात एक कबुली दडलेली होती. उपग्रहांचे ऑफसेट पृथ्वीचे माप गृहीत धरून काढले, तेव्हा त्याच जीपीएसने पुन्हा पृथ्वीचे माप सांगण्यात अर्थ उरला नाही. २०११ मध्ये आयजीएस०८, २०१७ मध्ये आयजीएस१४ आली, तक्ते सुधारत गेले, ही कबुली तशीच राहिली.

ती मोडली गॅलिलिओने, म्हणजे जीपीएससारख्याच युरोपच्या उपग्रह प्रणालीने. युरोपच्या जीएनएसएस एजन्सीने २०१६ च्या डिसेंबरात पहिल्या काही आणि २०१७ च्या ऑक्टोबरात बाकीच्या उपग्रहांचे, उड्डाणापूर्वी जमिनीवर मोजलेले अँटेना-आकडे जाहीर केले. जमिनीवरच्या अँटेनाही आता गॅलिलिओच्या फ्रिक्वेन्सींसाठी यंत्रमानवावर आणि बंद कक्षांत मोजल्या जात होत्या. प्रथमच दोन्ही टोके मोजलेली, एकही मानलेले नाही. यावरून उपग्रहांनी स्वतःहून पृथ्वीचे माप सांगितले, तेव्हा ते आयटीआरएफ२०१४ या आंतरराष्ट्रीय संदर्भ चौकटीच्या मापापेक्षा अब्जात सुमारे १ भागाने मोठे आले. जमिनीवर ६-७ मिलिमीटर.

१९९५ च्या १० सेंटिमीटरांपुढे हे काहीच नाही, आणि तरी उद्दिष्ट १ मिलिमीटरचे आहे. २७ नोव्हेंबर २०२२ ला लागू झालेल्या आयजीएस२० मध्येही माप आयटीआरएफ२०२० चे, म्हणजे व्हीएलबीआय आणि एसएलआर यांचेच ठेवले आणि उपग्रहांचे ऑफसेट त्याला जुळवून घेतले. गॅलिलिओचे मोजलेले आकडेसुद्धा त्यासाठी थोडे सरकवावे लागले. माझे मत विचाराल तर मोजलेला आकडा सरकवायला हात धजावत नाही. पण मापाच्या चौकटीत तीन तंत्रे एकत्र नांदायची असतात, आणि या उरलेल्या फरकातला कितीसा भाग जमिनीवरच्या अँटेनांचा, कितीसा उपग्रहांचा आणि कितीसा व्हीएलबीआय, एसएलआर यांचा स्वतःचा, हे अजून वेगळे काढायचे आहे. त्यासाठी यंत्रमानव आणि बंद कक्ष अँटेनामागून अँटेना तपासत आहेत, आणि दर काही आठवड्यांनी अँटेक्स फाइलीत एखादा नवा खंड वाढतो.